उसाच्या ट्रॉलीला ब्रेक बसवायचेत? हंगामाआधी एवढं वाचून घ्या

दसरा जवळ आला की आपल्याकडं ऊस वाहतुकीची गडबड सुरू होते. टोळी ठरते, मुकादमाला उचल जाते, टायर बघितले जातात, हुक-पिन बदलली जाते, आणि ट्रॉलीला ब्रेक आहेत का हे कुणी विचारत नाही कारण बहुतेक ट्रॉल्यांना ते नसतातच. आमच्या दोन्ही ट्रॉल्यांनाही नव्हते. जानेवारीची रात्र होती, केजच्या बाजूला उतारावर समोर बैलगाडी आली, चुलतभावानं ब्रेक दाबला. हेडची, म्हणजे ट्रॅक्टरची, मागची चाकं जागेवर थांबली पण मागचा ऊस थांबला नाही. रस्त्यावर पाचट सांडलेलं होतं, त्यावरून हेड सरकत सरकत आडवं झालं, पुढच्या ट्रॉलीची दांडी मोठ्या टायरच्या अंगात घुसली आणि मागची ट्रॉली पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. माणसं वाचली, बैलं वाचली. मी मोटारसायकलवर मागून येत होतो, टायरमधून निघालेल्या हवेचा आवाज अजून कानात आहे.

त्यानंतर ब्रेक बसवायचं ठरवलं तर माहिती देणारं कुणी भेटंना. एक मिस्त्री म्हणतो हायड्रॉलिक बसवा, दुसरा म्हणतो हवेचे बसवा, तिसरा म्हणतो गरज काय, ड्रायव्हर चांगला ठेवा. आम्ही एकदा चुकीचं काम करून घेतलं, ते काढून परत केलं, पैसे दोनदा गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

१. आधी वजनकाट्यावर जा, दुकानात नंतर

ब्रेक ट्रॉलीच्या वजनावर ठरतो, हेडच्या एचपीवर नाही. रिकामी ट्रॉली काट्यावर घ्या, मग भरलेली घ्या. दोन चाकी ट्रॉली असेल तर काही भार दांडीतून हेडवर येतो, म्हणून एकदा फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर ठेवून वेगळं वजन करा. एक्सलवर किती येतंय ते त्यातून कळतं, आणि दुकानदार नेमकं तेच विचारणार आहे.

आता हिशोब बघा. समजा हेड, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन झालं. वीस मीटरला एक मीटर असा उतार असेल तर हे वजन तुम्हाला सतत १ टनाच्या जोरानं खाली ढकलत राहतं, आणि अडवायला फक्त २ टनाच्या आसपासचं हेड, ते पण मागच्या दोन चाकांवर. हेडचे ब्रेक कितीही भारी असू द्या, ऑइलमध्ये बुडालेले असू द्या, टायरची रस्त्यावरची पकड संपली की विषय संपला. म्हणून ट्रॉलीनं स्वतःला स्वतः थांबवलं पाहिजे, हेडनं फक्त हेडला थांबवावं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

वेगाचं पण लक्षात ठेवा, २० च्या जागी ४० नं चाललात तर ब्रेकला दुप्पट नाही, चौपट काम पडतंय.

२. कोणता ब्रेक घ्यायचा

धक्क्याचा ब्रेक: यात दांडीचा पुढचा तुकडा आत सरकतो, गाडी हळू झाली की मागची ट्रॉली पुढं ढकलते आणि त्याच ढकलण्यानं रॉड ओढला जाऊन ब्रेक लागतो. ना हवा, ना तेल. पिकअपमागं जनरेटर, फवारणीचा ब्लोअर किंवा पाण्याची छोटी टाकी ओढायची असेल तर हा साधा आणि चांगला आहे. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात आणि ३,५०० किलोपर्यंत हाच धक्क्याचा ब्रेक चालतो, त्याच्या वर नाही. यावरून त्याची ताकद ओळखा, उसाच्या डबल ट्रॉलीला तो घेऊ नका. अजून एक, रिव्हर्स घेताना पण दांडी दबते आणि ब्रेक लागतो, त्यासाठी वेगळी लॉकपिन किंवा आपोआप सुटणारे ब्रेक शू आहेत का ते घेतानाच विचारा.

पिकअपवाल्यांना इथंच एक सांगतो, पिकअपच्या स्वतःच्या ब्रेक ऑइलच्या पाइपला टी मारून ट्रेलरचा ब्रेक कधी जोडू नका. मागं कुठं पाइप फुटला तर पुढच्या गाडीचे पण ब्रेक जातात. हेडलाही हेच लागू.

विजेचा ब्रेक: अमेरिकेतले पिकअपचे व्हिडिओ बघून बरेच जण हा विचारतात. ड्रममध्ये चुंबक असतं, ड्रायव्हरजवळच्या कंट्रोलरमधून करंट जातो. चांगली गोष्ट आहे, पण आपल्या तालुक्याच्या गावात त्याचं चुंबक जळालं तर हंगामात मिळायचं कुठून, म्हणून आम्ही सोडून दिलं.

हायड्रॉलिक: हेडच्या हायड्रॉलिक पंपाचं तेल ट्रेलर ब्रेक व्हॉल्व्हमधून ट्रॉलीच्या सिलिंडरला जातं. पाइप एकच, काम आटोपशीर, एका ट्रॉलीला छान. पण इंजिन बंद पडलं की दाब जातो, आणि एकच लाइन असलेल्या किटमध्ये पाइप तुटला तर ट्रॉलीला काहीच ब्रेक राहत नाही. मोठा सापळा म्हणजे काही ठिकाणी हा व्हॉल्व्ह न लावता सरळ टिपिंगच्या (ट्रॉली उलटवायच्या) लिव्हरवरून ब्रेकच्या सिलिंडरला तेल देतात. हेडच्या हायड्रॉलिकचा दाब १८० ते २०० बारपर्यंत जातो, लिव्हर ओढला की तो सगळा एकदम जातो आणि चाकं जाम. पेडल जेवढं दाबाल तेवढाच ब्रेक लागला पाहिजे, हे ज्या कामात नाही ते काम करून घेऊ नका.

हवेचा ब्रेक: हेडवर कंप्रेसर आणि टाकी, ट्रॉलीवर वेगळी टाकी, व्हॉल्व्ह आणि बूस्टर (हवेच्या जोरानं दांडा ढकलून ब्रेक लावणारा डबा). खर्च जास्त, पाइप जास्त, देखभाल जास्त. तरी डबल ट्रॉलीला मी हाच घ्या म्हणेन, कारण दोन लाइन असतात, लाल पाइपातून हवेचा पुरवठा आणि पिवळ्यातून ब्रेकचा हुकूम, आणि लाल पाइप तुटला तर ट्रॉलीवरचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह ट्रॉलीच्याच टाकीतली हवा सोडून ब्रेक लावतो. शिवाय सामान ट्रकचंच असल्यामुळं बीड, लातूर, परभणी, कुठंही मिळतं.

पैशामुळं यंदा एकाच ट्रॉलीला ब्रेक बसत असतील तर ती ट्रॉली मागं लावा. मागची थांबली तर सगळी माळ ताणलेली राहते. पुढचीच थांबली तर मागची तिला ढकलून वाकडी करते, आमच्या बाबतीत जे झालं तेच परत होणार.

३. कागद

हे काम सुरू करायच्या आधी करा, वेल्डिंग झाल्यावर नाही. हेडचं आरसी, ट्रॉलीचं वेगळं आरसी, दोन्हींचा विमा, लागू असेल तिथं फिटनेस. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागतं, म्हणून आपल्या आरटीओत, बीडवाल्यांनी एमएच-२३ ला, लातूरवाल्यांनी एमएच-२४ ला, जिथं पासिंग आहे तिथं जाऊन आधी विचारून घ्या. किट घेताना पक्कं बिल आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी असेल तर त्याची झेरॉक्स मागा. हेड वॉरंटीत असेल तर इंजिनवर कंप्रेसर चढवायच्या आधी डीलरकडून लेखी घ्या, तोंडी नको. आणि आरसीवर लिहिलेली क्षमता ब्रेक बसवल्यानं वाढत नाही, हे घरातल्या मोठ्यांना पण सांगून ठेवा.

४. सामानाची यादी (हवेच्या ब्रेकची)

हेडसाठी: कंप्रेसर, हवेची टाकी, दाब ठराविक झाला की हवा थांबवणारा गव्हर्नर, सेफ्टी व्हॉल्व्ह, पेडलला जोडायचा ब्रेक व्हॉल्व्ह, दाबाचं मीटर, मागं लाल-पिवळे कपलिंग.
प्रत्येक ट्रॉलीसाठी: ब्रेकचा एक्सल म्हणजे ड्रम, शू, लाइनर, शू उघडणाऱ्या कॅमसकट, दोन बूस्टर, दोन अ‍ॅडजस्टर (ब्रेक आवळायचे-ढिले करायचे), टाकी, इमर्जन्सी रिले व्हॉल्व्ह, पाइप, कपलिंग. पुढच्या ट्रॉलीला मागच्या बाजूलाही कपलिंग आणि कॉक लागतात, हे विसरलं की मिस्त्री परत बोलवावा लागतो.
हत्यारं: जॅक, मजबूत घोड्या (उचललेल्या चाकाजवळ खाली लावायचे टेकू), टॉर्क पाना, ग्रीस, साबणाचं पाणी, टेप, खडू.

५. एक्सल आणि ड्रम

आमचं पहिलं काम इथंच बिघडलं. गावाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये जुना ब्रेकचा एक्सल आणून बसवला, आणि ब्रेक मारला की ट्रॉली डावीकडं ओढायची. आठ दिवस आम्ही हवाच तपासत बसलो. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीनं ड्रम उघडला तर डाव्या बाजूचा कॅम उजव्याला आणि उजव्याचा डाव्याला. एस आकाराचा कॅम डावा-उजवा वेगळा असतो, दिसायला सारखा दिसतो. उलटा बसला की शू नीट उघडत नाही, एक चाक धरतं, एक नुसतं फिरतं.

ड्रम बसवायच्या आधी तुम्ही स्वतः हात घालून बघा. आतून भेग, खोल घळी किंवा निळे डाग असतील तर तो ड्रम घेऊ नका. लाइनरवर ग्रीसचा एक थेंबही नको, बेअरिंगचं सील फाटकं असेल तर पंधरा दिवसांत ग्रीस लाइनरवर येणारच, म्हणून सील नवीनच टाका. लाइनर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे.

एक्सलला ब्रॅकेट वेल्ड करताना अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा. चिमटा लांब चाकाच्या बाजूला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यावर बारीक खड्डे पडतात, महिन्याभरात आवाज यायला लागतो. ट्रॉली हेडला जोडलेली असेल तर सोडवा, बॅटरीची तार काढा.

६. हेडवरचं काम

कंप्रेसर पट्ट्यावर चालणारा असेल तर पुली सरळ रेषेत हवी, नाहीतर पट्टा खातो. दाब साधारण ७ ते ८ बारला थांबला पाहिजे. मीटर ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दिसलं पाहिजे, सीटखाली लपवून ठेवू नका.

ब्रेक व्हॉल्व्ह पेडलला असा जोडा की डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन्ही पेडल एकत्र दाबले तरच ट्रॉलीचा ब्रेक लागेल, म्हणजे शेतात एका पेडलवर वळताना ट्रॉली अडणार नाही. आणि रस्त्यावर चढायच्या आधी दोन्ही पेडल एकत्र जोडणारी खिट्टी लावायचीच लावायची. खिट्टी न लावता रस्त्यावर एकच पेडल दाबलं गेलं तर हेड जागेवर फिरतं, मग ट्रॉलीचे ब्रेक काही कामाचे नाहीत.

ट्रॉलीचा ब्रेक हेडच्या ब्रेकच्या किंचित आधी लागला पाहिजे. पेडल थोडंसं दाबून मिस्त्रीला मागं उभा करा, बूस्टरचा दांडा आधी हलला पाहिजे.

हायड्रॉलिक घेणाऱ्यांसाठी एकच सांगतो: त्यात हेडचंच हायड्रॉलिक तेल चालतं. कारचे जुने ब्रेक सिलिंडर आणून त्यात हे तेल भरू नका, ते रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं, या तेलात फुगतं आणि ब्रेक अडकून बसतो.

७. पाइप

सायलेन्सरपासून लांब, एक्सल वर-खाली होतो तिथं थोडा ढिला, बाकी सगळीकडं क्लिपनं बांधलेला. हेड आणि ट्रॉलीच्या मधला पाइप पूर्ण वळण घेऊन बघा, दोन्ही बाजूंना, ताणला जायला नको आणि जमिनीला घासायलाही नको. उसाच्या फडात सऱ्या असतात, लोंबकळणारा पाइप पहिल्याच दिवशी उसाच्या बुडख्यात अडकून तुटतो. स्प्रिंगनं वर टांगून ठेवा.

जोडाला पांढरा टेप गुंडाळताना पहिले एक-दोन आटे मोकळे सोडा. टेपचा तुकडा तुटून आत गेला की व्हॉल्व्हमध्ये अडकतो, आमच्या एका व्हॉल्व्हमधून असा नखाएवढा तुकडा निघाला, त्यापायी मागची ट्रॉली ब्रेक सोडतच नव्हती.

पुढच्या ट्रॉलीच्या मागचे कॉक हा सगळ्यात फसवा भाग आहे. मागं दुसरी ट्रॉली जोडली आणि कॉक उघडायचा राहिला तर मीटर बरोबर दाखवतं, पुढची ट्रॉली ब्रेक घेते, आणि मागच्या ट्रॉलीला ब्रेकच नाही. आम्ही कॉकच्या दांड्याला लाल रंग दिला आहे आणि जोडणारा माणूस उघडल्यावर ड्रायव्हरला ओरडून सांगतो.

८. बूस्टर आणि अ‍ॅडजस्टर

बूस्टरवर २४, ३० असे आकडे असतात, ते आतल्या पडद्याचं क्षेत्रफळ, चौरस इंचात. २४ चा बूस्टर ६ बार हवेवर साधारण ९५० किलोचा जोर देतो. मोठा आकडा म्हणजे चांगला ब्रेक असं नाही, एक्सलला जो सांगितला आहे तोच घ्या, आणि दोन्ही बाजूंना सारखाच. अ‍ॅडजस्टरचं भोक पण दोन्हीकडं सारखं.

सेटिंग असं: चाक उचला, खाली घोडी लावा, अ‍ॅडजस्टर आवळत जा, चाक हातानं फिरायचं बंद होईपर्यंत. मग पाव ते अर्धा फेरा मागं घ्या, चाक मोकळं फिरलं पाहिजे. आता ब्रेक लावा आणि बघा, बूस्टरचा दांडा आणि अ‍ॅडजस्टर काटकोनात आले पाहिजेत. २४ च्या बूस्टरचा दांडा पूर्ण ब्रेकला ४५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येत असेल तर परत आवळा. खडूनं खूण करून पट्टीनं मोजा, अंदाजानं नको.

पार्किंगसाठी स्प्रिंगवाला बूस्टर घेतला असेल तर त्याची मागची बाजू कधीही खोलू नका. आतली स्प्रिंग प्रचंड दाबलेली असते, पट्टी सुटली की माणूस जाऊ शकतो. बिघडला तर अख्खा बूस्टर बदला.

९. गळती

हवा पूर्ण भरा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं मीटरकडं बघत बसा. काटा उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून जोड शोधा. मग कुणीतरी पेडल दाबून धरायचं आणि परत बघायचं, कारण काही गळती ब्रेक लावल्यावरच होते. शेवटी हवा भरलेली असताना लाल पाइप काढा. ट्रॉली जागेवर जाम झाली पाहिजे. झाली नाही तर काम अपुरं आहे, मिस्त्रीला पूर्ण पैसे देऊ नका.

१०. चाचणी, रिकामी आधी

नांगरलेल्या नाही, मोकळ्या मऊ रानात जा. ताशी १० च्या वेगानं ब्रेक मारा आणि उतरून मातीतले टायरचे माग बघा. दोन्ही बाजूंचा माग सारखा दिसला पाहिजे. एका बाजूला माती खरवडलेली आणि दुसऱ्या बाजूला टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली दिसली तर तो ब्रेक लागतच नाही. नंतर डांबरीवर, मग अर्धा भार, मग पूर्ण. नवीन लाइनर ड्रमला पूर्ण टेकायला वेळ लागतो, पहिले दोन-तीन दिवस जवळच्याच खेपा करा आणि नंतर अ‍ॅडजस्टर परत तपासा.

११. हंगाम सुरू झाल्यावर

रोज संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढा. थंडीत तर फार पाणी निघतं. अवकाळी झाला आणि फडात चिखल झाला की काळी माती ड्रममध्ये शिरून सुकते, मग ब्रेक धरून बसतो, म्हणून त्या दिवशी चाकं आतून धुऊन काढा. तापलेल्या ड्रमवर मात्र पाणी मारू नका, भेग जाते.

धारूरचा घाट तेलगावकडं उतरणारे किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरणारे, तुमच्यासाठी हे वेगळं. २० टन वजन १०० मीटर खाली आणलं तर ब्रेकमध्ये आणि इंजिनात मिळून जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साठ-पासष्ट लिटर पाणी उकळेल. ती सगळी ड्रमवर टाकली तर लाइनर जळून गुळगुळीत होतो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून घाटाच्या तोंडाशीच थांबून लहान गिअर टाकायचा, ज्या गिअरनं चढलो असतो त्यानंच उतरायचं, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही, आणि ब्रेक सतत दाबून न धरता दाबायचा, वेग कमी झाला की सोडायचा. उतारावर मधेच गिअर बदलायला जाऊ नका, तो परत पडला नाही तर हेड मोकळं सुटतं.

ड्रायव्हर बदलला तर पहिल्या खेपेला तुम्ही स्वतः बरोबर जा आणि कॉक, खिट्टी, मीटर तिन्ही त्याच्याकडून बघून घ्या. घाट उतरलात की पहिल्या मोकळ्या जागेला हेड उभं करून सगळ्या चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, लावू नका, भाजेल. सगळे सारखे गरम असायला हवेत. एखादा थंड असेल तर त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच नाही, तिथूनच मिस्त्रीला फोन लावा, कारखान्यावर नंबर मागं गेला तरी चालेल.